साइट नव्या सर्व्हरवर हलवण्याआधीची तयारी

तारीख ठरली की पहिलं काम टीटीएलचं, म्हणजे डीएनएसमधली (डोमेनच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी यंत्रणा) नोंद इतरांनी किती सेकंद साठवून ठेवायची त्या मुदतीचं. ए रेकॉर्डचा (डोमेनचा आयपी पत्ता सांगणारी नोंद) टीटीएल ८६४०० सेकंद असेल, तर जुना आयपी रिझॉल्व्हरांच्या (वापरकर्त्यांसाठी हे पत्ते शोधणारे सर्व्हर) कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, चोवीस तासांपर्यंत राहू शकतो. तो ३०० वर आणा, पण ऐनवेळी नव्हे. निदान दोन दिवस आधी. कारण ज्याने जुनं उत्तर आत्ताच उचललंय, त्याला हा छोटा आकडा जुनी मुदत संपल्यावरच कळतो.

नेमसर्व्हरही (आपल्या डोमेनच्या नोंदी देणारे सर्व्हर) बदलायचे असतील तर ते काम वेगळ्या दिवशी करा. डॉट कॉमच्या वरच्या झोनमध्ये (डीएनएस नोंदींच्या यादीत) एनएस रेकॉर्डचा (नेमसर्व्हर कोणते ते सांगणारी नोंद) टीटीएल १७२८०० सेकंद, म्हणजे पूर्ण दोन दिवस असतो आणि तो आपल्याला कमी करता येत नाही. तेवढे दिवस जुने नेमसर्व्हरही तीच उत्तरं देत राहिले पाहिजेत. डीएनएससेक (डीएनएस उत्तरांवर डिजिटल सही करणारी सोय) चालू असेल आणि नव्या नेमसर्व्हरवर सही नव्या किल्लीने होणार असेल, तर डीएस रेकॉर्ड (वरच्या झोनमधली जुन्या किल्लीची खूण) रजिस्ट्रारकडे, म्हणजे डोमेन जिथे नोंदवलंय तिथे, आधीच काढून टाका आणि त्याचाही टीटीएल संपू द्या. नाहीतर पडताळणी करणारे रिझॉल्व्हर सर्व्हफेल (उत्तर देता येत नाही अशी एरर) देतात, बाकीच्यांकडे साइट उघडते, आणि दोष शोधण्यात दिवस जातो.

झोनची पूर्ण प्रत काढून एकेक ओळ जुळवा. हमखास बदलायचा राहतो तो एएएए रेकॉर्ड (डोमेनचा आयपीव्ही६ पत्ता सांगणारी नोंद). मग आयपीव्ही६वाल्यांना जुनी साइट दिसते, इतरांना नवी. एमएक्स (मेल कुठे पोचवायचा ते सांगणारी नोंद) आणि एसपीएफ, डीकेआयएमचे टीएक्सटी (मेल खरंच आपलाच आहे हे पटवणाऱ्या नोंदी) राहिले तर साइट चालते, मेल अडतो. फाइल हाताने लिहीत असाल तर पूर्ण नावाच्या शेवटचं टिंब बघा: ते नसेल तर झोनचं नाव पुन्हा मागे चिकटतं. एसओएमधला (झोनची मूळ माहिती देणारी नोंद) सिरियल, म्हणजे आवृत्ती क्रमांक, वाढवला नाही, तर दुय्यम नेमसर्व्हर जुनीच प्रत वाटत राहतो.

नवं सबडोमेन रेकॉर्ड टाकण्याआधी उघडून बघायचा मोह टाळा. ‘असं नाव नाही’ हे उत्तरसुद्धा कॅश होतं.

नवा सर्व्हर डीएनएसला हात न लावता तपासता येतो. आपल्या मशीनच्या होस्ट्स फाइलमध्ये नवा आयपी आणि डोमेन एका ओळीत लिहा, की ब्राउझर थेट तिकडे जातो. पोर्ट ८० (एचटीटीपी) आणि ४४३ (एचटीटीपीएस) नव्या सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये उघडा, होस्टिंगच्या पॅनेलमध्येही. कनेक्शन लगेच नाकारलं गेलं तर बहुधा त्या पोर्टवर सेवाच सुरू नसते. बराच वेळ लटकून टाइमआउट झालं तर फायरवॉलकडे बघा. ब्राउझरमध्ये ५०२ हा एरर आला तर वेब सर्व्हर जिवंत आहे, मागचं ॲप्लिकेशन पडलंय. ४०३ (परवानगी नाही) मध्ये कधी कधी फाइलची परवानगी बरोबर असूनही वरच्या एखाद्या फोल्डरला एक्झिक्यूट बिट (आत शिरण्याची परवानगी) नसतो.

एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट आधीच हवं. लेट्स एनक्रिप्ट या मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या सेवेची एचटीटीपी पडताळणी डीएनएस दाखवेल तिथे, म्हणजे अजून जुन्या सर्व्हरवर जाते. म्हणून जुनं सर्टिफिकेट आणि किल्ली कॉपी करा किंवा डीएनएस पडताळणी वापरा.

बदल केल्यावर डिग या डीएनएस तपासणाऱ्या कमांडने आधी अधिकृत नेमसर्व्हरला विचारा, मग १.१.१.१ आणि ८.८.८.८ या सार्वजनिक रिझॉल्व्हरांना. जुन्या सर्व्हरवर डेटाबेसमध्ये लिहिणं बंद ठेवा, नाहीतर काही नोंदी इकडे आणि काही तिकडे पडतील. त्याच्या ॲक्सेस लॉगमध्ये फक्त बॉट उरले की तो बंद करा, टीटीएल पुन्हा ३६०० करा आणि होस्ट्स फाइलमधली ती ओळ आठवणीने काढा.