जगभर विखुरलेली सॉफ्टवेअर टीम: या चुका टाळा

वेगवेगळ्या देशांतून काम करणाऱ्या टीमचे प्रोजेक्ट रखडले की पहिला ठपका अंतरावर ठेवला जातो, आणि हे निदान अर्धेच बरोबर असते. जेम्स हर्बस्लेब आणि ऑड्रिस मॉकस या संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अनेक ठिकाणच्या लोकांनी मिळून केलेल्या कामाला एकाच ठिकाणी झालेल्या तशाच कामाच्या सुमारे अडीच पट वेळ लागल्याचे दिसले. मात्र त्यामागचे एक मोठे कारण असे होते की अशा कामात माणसेच जास्त गुंतलेली होती. याउलट, मायक्रोसॉफ्टच्या विंडोज व्हिस्टा या ऑपरेटिंग सिस्टिमवर २००९ मध्ये झालेल्या अभ्यासात विखुरलेल्या टीमने लिहिलेल्या भागांच्या गुणवत्तेत फारसा फरक आढळला नाही. म्हणजे कोड दुरूनही चांगला लिहिता येतो. वेळ जातो तो उत्तराची वाट पाहण्यात, आणि तो बऱ्याच अंशी वाचवता येतो.

अर्धवट प्रश्न पाठवणे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच, असे मला अनेक वर्षांच्या अनुभवानंतर वाटते. काम संपवून उठताना कोणीतरी लिहितो, ‘लॉगिन चालत नाही, जरा बघाल का?’ समोरच्याची सकाळ होते तेव्हा पाठवणारा झोपलेला असतो, त्यामुळे ‘कोणत्या बिल्डवर?’ (म्हणजे सॉफ्टवेअरच्या कोणत्या आवृत्तीवर) एवढेच विचारून तो दुसऱ्या कामाला लागतो. दुसऱ्या दिवशी बिल्डचा क्रमांक येतो, तिसऱ्या दिवशी लॉग (प्रोग्रॅमने ठेवलेली घडामोडींची नोंद) मागितला जातो, आणि शेजारी बसून दहा मिनिटांत सुटला असता असा बग आठवडा खातो.

त्याऐवजी पहिल्याच मेसेजमध्ये बिल्डचा क्रमांक, बग पुन्हा दिसावा म्हणून करायच्या पायऱ्या, काय अपेक्षित होते आणि काय घडले, एररच्या मूळ ओळी, आणि आपण काय करून पाहिले हे सगळे द्यावे. शेवटी एक वाक्य आवर्जून जोडावे: ‘उद्या सकाळपर्यंत उत्तर मिळाले नाही, तर सेशनची मुदत कमी पडते असे धरून मी पुढे जातो.’ या एका वाक्यामुळे काम अडून राहत नाही, आणि समोरच्याला चूक दिसली तर ती वेळेत थांबवताही येते. कोड रिव्ह्यूलाही, म्हणजे सहकाऱ्याने लिहिलेला कोड तपासण्यालाही, हेच लागू आहे. ‘हे पटत नाही’ अशी शेरेबाजी करण्यापेक्षा हवा तो बदल लिहून दाखवावा, आणि कोणते शेरे मर्ज (तो कोड मुख्य कोडमध्ये मिसळणे) अडवणारे आहेत व कोणते केवळ सूचना आहेत हे स्पष्ट करावे.

कामाची वाटणी चुकीच्या रेषेवर करणे

डिझाइन एका देशात, कोडिंग दुसऱ्या आणि टेस्टिंग तिसऱ्या देशात, ही वाटणी कागदावर सुटसुटीत दिसते. पण तिच्यामुळे प्रत्येक छोटी सुधारणाही तीन घड्याळांतून फिरते. संस्थेची संवादरचना तिच्या सॉफ्टवेअरच्या रचनेत उमटते, हे मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्येच मांडले होते. म्हणून एका ठिकाणाकडे शक्यतो एक पूर्ण मॉड्यूल (सॉफ्टवेअरचा एक स्वतंत्र भाग), त्याच्या टेस्टसह, सोपवावे.

मग दोन मॉड्यूलच्या मधला इंटरफेस, म्हणजे त्यांनी एकमेकांना माहिती कशी द्यायची याचा करार, काटेकोर लिहावा लागतो. नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान १९९९ मध्ये गमावले गेले, कारण एका गटाच्या सॉफ्टवेअरने दिलेले आकडे पाउंड-फोर्स सेकंदांत होते आणि दुसऱ्या गटाने ते न्यूटन-सेकंद समजून वापरले. एकक, दशांश, रिकामे मूल्य, तारखेचा क्रम यांपैकी काहीही ‘सर्वांना माहीतच आहे’ असे समजू नये. ०३/०४ म्हणजे कोणाला तीन एप्रिल, तर कोणाला चार मार्च. यासाठी वर्ष-महिना-दिवस हा आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकातला क्रम वापरावा, आणि नमुना डेटावर चालणारी टेस्ट दोन्ही बाजूंनी रोज चालवावी.

घड्याळ गृहीत धरणे

उन्हाळ्यासाठी घड्याळे एक तास पुढे करण्याची वेळ अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी येते, तर युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे नेहमीची मीटिंग कोणासाठी तरी एक तास सरकते. रिलीजची वेळ यूटीसीमध्ये (जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेत) लिहावी, तर नेहमीची मीटिंग एका ठरावीक शहराच्या वेळेला बांधावी आणि तसे कॅलेंडरमध्ये नोंदवावे. अवेळी जागण्याची पाळी मात्र कायम एकाच गटावर टाकू नये. ते अन्यायाचे आहे, आणि थकलेली माणसे मीटिंगमध्ये प्रश्न विचारणे सोडून देतात.

गप्प राहण्याचा अर्थ आपणच लावणे

कॉलवर कोणी आक्षेप घेतला नाही म्हणून होकार धरला जातो, आणि दोन दिवस उत्तर आले नाही की आळशीपणाचा शिक्का बसतो. प्रत्यक्षात तिकडे सुट्टी असते किंवा प्रश्नच कळलेला नसतो. निर्णय लेखी मांडून, त्यात प्रत्येकाचे मत नावानिशी मागावे. काहीजण एका खोलीत आणि एकटा स्क्रीनवर, अशी मीटिंग टाळावी. एक जण दूर असेल तर सर्वांनी आपापल्या लॅपटॉपवरून सामील व्हावे.

चालू प्रोजेक्ट आधीच रखडले असेल, तर नवे टूल आणण्यापूर्वी नुकतीच पूर्ण झालेली दहा टिकिटे (कामांच्या नोंदी) उघडावीत. प्रत्येकावर प्रत्यक्ष काम किती तास झाले आणि ते कोणाच्या उत्तरासाठी किती तास पडून होते, हे शेजारी-शेजारी लिहावे. जी वाट पाहणे सर्वांत लांबले ती कोणत्या दोन ठिकाणांच्या मध्ये आहे ते पाहावे आणि दुरुस्ती तिथूनच सुरू करावी.