नेपाळ, भूतान, करतारपूर आणि क्रूझ: ओळखपत्राच्या या चुका टाळा

दिल्लीच्या विमानतळावर सकाळी साडेसहाला माझी मावशी काउंटरसमोर उभी होती. जिंतूरहून परभणीपर्यंत एसटीने, परभणीहून सचखंड एक्सप्रेसने दिल्ली, आणि पुढे काठमांडूचं विमान. पशुपतिनाथाला वाहायचं वस्त्र तिने पिशवीत वेगळं बांधून आणलं होतं. काउंटरवरच्या मुलीने आधार कार्ड पाहिलं आणि परत तिच्या हातात दिलं. "पासपोर्ट किंवा मतदान कार्ड द्या." मावशी म्हणाली, "आधार हाय की बाई, समदीकडं चालतंय." तेव्हा तिचं वय बासष्ट. पासष्ट उलटली असती तर त्याच आधारवर ती गेली असती. मतदान कार्ड घरी कपाटात, साड्यांच्या घडीखाली होतं. बाकीचे अकरा जण गेले आणि आम्ही दोघी पुन्हा परभणीच्या गाडीत बसलो. परतीच्या प्रवासात ती फारसं बोललीच नाही.

तिकिटं मी काढली होती. यादी मी केली होती. "सगळ्यांनी ओळखपत्र घ्या" एवढंच मी सांगितलं होतं, कोणतं ते सांगितलं नव्हतं. तेव्हापासून आमच्या भागातून कोणी देशाबाहेर निघालं की मी आधी त्यांची कागदपत्रं मागवून घेते. त्यात ज्या चुका वारंवार दिसतात, त्या इथे लिहिते आहे.

आधार म्हणजे नागरिकत्वाचा पुरावा, हा समज

बँकेत, रेशन दुकानात, गॅस एजन्सीत एकच गोष्ट तपासतात: समोरचा माणूस तोच आहे का? त्याला आधार पुरतं. सीमेवरचा अधिकारी विचारतो, तुम्ही कोणत्या देशाचे? आधार कार्ड भारतात १८२ दिवस राहिलेल्या कुणालाही काढता येतं, परदेशी माणसालासुद्धा. आधारचा २०१६ चा कायदाच सांगतो की हा क्रमांक नागरिकत्वाचा पुरावा नाही. पॅन परदेशी माणसालाही मिळतं. मतदान कार्डाचं तसं नाही. राज्यघटनेच्या ३२६ व्या कलमानुसार मत देण्याचा हक्क फक्त नागरिकाला आहे, म्हणून निवडणूक आयोगाचं कार्ड नेपाळ आणि भूतानच्या दारात पासपोर्टच्या बरोबरीने चालतं. एवढं एक कळलं की कोणतं कार्ड का चालतं, हे पाठ करावं लागत नाही.

विमानाने नेपाळला जाताना मुदतीतला पासपोर्ट किंवा मतदान कार्ड लागतं. वयाची सूट आहे ती १५ वर्षांखालच्या मुलांना आणि ६५ च्या पुढच्या ज्येष्ठांना. आधी त्यांना पॅन, लायसन्स, फोटो असलेलं रेशन कार्ड वगैरे चालायचं. जानेवारी २०१९ मध्ये गृह मंत्रालयाने त्यात आधारची भर घातली. ही बातमी आपल्याकडे "आता नेपाळला आधार चालतं" अशी अर्धीच पोहोचली, आणि माझी चूक त्या अर्ध्या बातमीतूनच झाली. १५ ते १८ या वयाची मुलं मधे अडकतात: त्यांचं मतदान कार्ड नसतं आणि वयाची सूटही नसते. पासपोर्ट नसेल तर शाळेच्या मुख्याध्यापकांनी ठरलेल्या नमुन्यात दिलेला ओळखीचा दाखला त्यांच्याजवळ हवा. साधं बोनाफाईड घेऊन निघू नका, तो नमुना डाउनलोड करून त्यावरच सही-शिक्का घ्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत जायचं असेल तर शाळा बंद होण्याआधी, परीक्षेच्या दिवसांतच हे काम उरका.

"आम्ही तर रस्त्याने जाणार" म्हणून निर्धास्त राहणं

संभाजीनगर, नांदेड, परभणीकडून बौद्ध स्थळांच्या यात्रा निघतात. बोधगया, सारनाथ, कुशीनगर आणि मग गोरखपूरवरून सोनौलीच्या सीमेने लुंबिनी. बस सोनौलीला थांबते, चालक भन्सारचा, म्हणजे नेपाळच्या सीमाशुल्काचा, कागद करायला जातो, सशस्त्र सीमा बलाचा जवान आत डोकावतो, चार-दोन कार्डं बघतो आणि बस पुढे जाते. १९५० च्या भारत-नेपाळ करारापासून ही ये-जा मोकळी आहे, व्हिसा लागत नाही. म्हणून पन्नास जणांच्या बसमध्ये तीस जण फक्त आधार घेऊन निघतात आणि बहुतेक वेळा काही होत नाही.

अडचण येते ती परतताना, तीही ठरवलेलं बिनसलं तर. नेपाळमधलं मुक्तिनाथ सुमारे ३,७०० मीटर उंचीवर आहे. आपल्या भागातला साठीचा माणूस, रक्तदाबाची गोळी चालू, तिथे श्वास लागला तर घरचे म्हणतात, विमानाने परत आणा. काठमांडूच्या विमानतळावर मग तोच प्रश्न: पासपोर्ट की मतदान कार्ड? दोन्ही नसेल तर भारतीय दूतावासातून इमर्जन्सी सर्टिफिकेट, म्हणजे मायदेशी परतण्यापुरता कागद, काढावं लागतं, आणि आजारी माणूस सोबत असताना ते धावपळीचं काम आहे. म्हणून बसने जाणाऱ्यांनाही मी मतदान कार्डाशिवाय यादीत घेत नाही. लोक रागावतात, रागावू देते.

एक कुटुंब एकत्र जात असेल तर एका प्रौढाजवळ पासपोर्ट किंवा मतदान कार्ड आणि बाकीच्यांजवळ फोटोचं ओळखपत्र व नात्याचा पुरावा, अशीही एक सवलत आहे. पण शेजारी, भिशीतल्या मैत्रिणी, मावसबहिणी यांना मिळून कुटुंब म्हणत नाहीत. त्या सवलतीच्या भरवशावर तिकीट काढू नका.

मतदान कार्ड आहे, पण चालण्यासारखं नाही

जुनं काळं-पांढरं कार्ड, फोटोतला चेहरा पुसट, कडेने प्लास्टिक सुटलेलं. किंवा कार्डच नाही, मोबाईलमध्ये फोटो आहे. झेरॉक्स आणि मोबाईलमधला फोटो मूळ कार्डाची जागा घेत नाहीत. कार्ड खराब झालं असेल, हरवलं असेल, नाव-वय चुकलं असेल तर आठ नंबरचा फॉर्म भरायचा, ऑनलाइन किंवा गावच्या बीएलओकडे, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या कर्मचाऱ्याकडे. यादीत नावच नसेल तर सहा नंबरचा. नवं कार्ड पोस्टाने येतं, त्यामुळे प्रवासाच्या दोन-तीन महिने आधी हात घालावा. गावाकडच्या पत्त्यावर कार्ड येतं आणि पोरं पुण्याला असतात. पोस्टमनला आधीच सांगून ठेवा.

लॅमिनेशनचाही एक मोह असतो. पासपोर्टचं पान लॅमिनेट करून आणलेलं मी पाहिलं आहे. घेणाऱ्याला वाटलं, टिकेल. तसा पासपोर्ट खराब झालेला धरतात आणि तो पुन्हा काढावा लागतो. पासपोर्टवर काही लिहू नका, चिकटवू नका, शिवू नका.

नाव आणि जन्मतारीख: आपल्याकडची खरी गाठ

मला सगळ्यात जास्त वेळ इथे लागतो.

आपल्या आईवडिलांच्या पिढीत पोरांना शाळेत घालताना गुरुजींनी अंदाजाने १ जून लिहिली. एका गावात एकाच तारखेला जन्मलेली पन्नास माणसं सापडतात. पुढे मतदान कार्डावर अंदाजाने वय, आधारवर फक्त साल, आणि टीसीवर, म्हणजे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, १ जून. देशात कुणी फारसं बघत नाही. पासपोर्टला मात्र पूर्ण तारीख लागते आणि सगळीकडे तीच हवी. टीसी असेल तर ती धरून आधी आधार दुरुस्त करा, मग मतदान कार्ड, मग पासपोर्टचा अर्ज. उलट क्रमाने गेलं की प्रत्येक ठिकाणी दुसऱ्याच कागदाचा पुरावा मागतात. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखला चालतो.

जन्मदाखल्याची वेगळी गोष्ट. दवाखान्यातून नोंद झाली तेव्हा बारसं व्हायचं होतं, म्हणून दाखल्यावर बाळाच्या नावाची जागा कोरीच. आईबापांनी तो फाईलला लावला आणि विसरले. नाव नसलेला दाखला सीमेवर काही कामाचा नाही. जिथे नोंद झाली त्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत नाव घालून मिळतं, नोंदीपासून १५ वर्षांपर्यंत. जुना, हाताने लिहिलेला, फक्त मराठी दाखला असेल तर मराठी-इंग्रजी दोन्ही असलेला नवा घ्या.

मग राव आणि बाई. घरात रंगनाथराव, मतदान कार्डावर रंगनाथ, आधारवर रंगनाथ किशनराव, आणि इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक कार्डावर निराळं. ज्ञानेश्वर इंग्रजीत किमान तीन तऱ्हांनी लिहिला जातो. लग्नानंतर बाईचं आडनाव आणि मधलं नाव दोन्ही बदलतं, पण पासपोर्ट माहेरच्या नावाचा असतो आणि तिकीट नवरा सासरच्या नावाने काढतो. यावर माझा नियम साधा आहे: जे कागदपत्र सीमेवर दाखवणार, त्यावर जे आणि जसं लिहिलं आहे तसंच तिकिटावर. घरात काय म्हणतात, लग्नपत्रिकेत काय छापलं, ते बाजूला ठेवा. लग्न झालं म्हणून पासपोर्टवर नाव बदललंच पाहिजे अशी सक्ती नाही. घाईत अर्धी कागदपत्रं नव्या नावाची आणि अर्धी जुन्या नावाची करून ठेवण्यापेक्षा त्या प्रवासापुरतं सगळं जुन्या नावानेच राहू द्या.

पासपोर्टचा फॉर्म भरताना आडनावाचा रकाना रिकामा सोडून पूर्ण नाव एकाच रकान्यात लिहिलेलंही दिसतं. दुबईला जाताना हे अंगाशी येतं. नोव्हेंबर २०२२ पासून संयुक्त अरब अमिराती एकच नाव असलेल्या पासपोर्टवर पर्यटकाला घेत नाही. शेवटच्या पानावरच्या वडिलांच्या नावावरून आडनाव दाखवता आलं तरच सुटका होते.

आणि औरंगाबाद, उस्मानाबाद. २०२३ मध्ये नावं बदलली तेव्हा कितीतरी जणांनी विचारलं, जुना पासपोर्ट आता चालेल का? चालतो, छापलेल्या मुदतीपर्यंत. जन्मस्थान औरंगाबाद लिहिलेलं असलं म्हणून घाबरून नवा काढू नका.

भूतान

इथे १८ वर्षांवरच्यांना पासपोर्ट किंवा मतदान कार्ड, मुलांना पासपोर्ट किंवा जन्मदाखला. पासपोर्ट सहा महिने तरी शिल्लक हवा. पश्चिम बंगालमधल्या जयगावच्या पलीकडे, भूतानच्या फुनशोलिंगला प्रवेशाचं परमिट होतं, त्यात आधार धरत नाहीत. भारतीयांना माणशी रात्री १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क आहे, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना निम्मं. हे सहलीच्या दरात धरलं आहे की नाही, ते आधी विचारा.

करतारपूर

नांदेडला हुजूर साहिबला येणाऱ्या-जाणाऱ्यांमुळे आपल्याकडे याची चौकशी बरीच होते. ९ नोव्हेंबर २०१९ ला पाकिस्तानातल्या करतारपूर साहिब गुरुद्वाऱ्याला जाणारा कॉरिडॉर खुला झाला तेव्हा "व्हिसा लागत नाही" ही गोष्ट सगळ्यांच्या लक्षात राहिली आणि "पासपोर्ट लागतो" ही राहिली नाही. मतदान कार्ड इथे चालत नाही. आधी ऑनलाइन नोंदणी, पोलीस पडताळणी, मग प्रवासाची परवानगी. पाकिस्तानकडचं शुल्क २० डॉलर, आणि त्याच दिवशी परत. सचखंडने अमृतसरला उतरून "बघू तिथे गेल्यावर" असं होत नाही. मे २०२५ मध्ये भारताने हा मार्ग बंद केला, त्यामुळे तिकीट काढण्याआधी तो चालू आहे का, हे गृह मंत्रालयाच्या नोंदणी संकेतस्थळावर पाहा.

क्रूझ

निवृत्तीचे पैसे हातात आले की हल्ली मुलं आईवडिलांना क्रूझवर पाठवतात. मुंबई-गोवा असेल तर देशातलाच प्रवास, सरकारी फोटो ओळखपत्र पुरतं. लक्षद्वीपला मात्र भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो. तो बहुधा कंपनी काढते, पण आपली कागदपत्रं वेळेत दिली तरच.

इंटरनेटवर "क्रूझला पासपोर्ट लागत नाही, जन्मदाखला पुरतो" असे व्हिडिओ फिरतात. ती सवलत अमेरिकन नागरिकांची आहे, जिथून निघालं त्याच अमेरिकी बंदरात परतणाऱ्या जहाजांसाठी. आपल्याला परदेशी बंदराला लागणाऱ्या कुठल्याही क्रूझवर पासपोर्टच हवा.

मोठी चूक व्हिसाची. सिंगापूरहून निघून पेनांग, फुकेत करून जहाज पुन्हा सिंगापूरला येतं. म्हणजे सिंगापूरमध्ये तुम्ही दोनदा शिरता: एकदा विमानाने, एकदा जहाजाने. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा असेल तर परतताना अडचण. सिंगापूरचं अरायव्हल कार्ड प्रत्येक प्रवेशाला वेगळं, आणि ते पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं. मलेशिया आणि थायलंडची डिजिटल कार्डं त्याशिवाय. युरोपातही असंच. ग्रीसहून निघालेलं जहाज तुर्कस्तानला लागून परत ग्रीसला आलं की शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या एकाच व्हिसावर चालणाऱ्या देशांमध्ये, तो दुसरा प्रवेश. अर्ज करतानाच अनेक प्रवेशांचा व्हिसा मागावा आणि सोबत जहाजाचं पूर्ण वेळापत्रक जोडावं. "आम्ही त्या बंदरात उतरणारच नाही" हे कारण कामाला येत नाही, कारण कंपनी चढतानाच सगळे व्हिसा तपासते.

वाटेत कागद हरवला तर

नेपाळमध्ये कार्ड हरवलं तर आधी जवळच्या पोलीस चौकीत तक्रार नोंदवून तिची प्रत घ्या, मग काठमांडूचा भारतीय दूतावास. तिथे तुम्ही भारतीय आहात हे दाखवायला काहीतरी लागतं, म्हणून निघण्याआधी प्रत्येक कागदाच्या दोन रंगीत प्रती काढा. एक बॅगेत, मूळ कागदापासून लांब. दुसरी घरी अशा माणसाजवळ, जो रात्री दोनलाही फोन उचलेल आणि फोटो पाठवील. पासपोर्ट आकाराचे चार फोटो पाकिटात असू द्या.

पुढच्या वर्षी मावशी गेली, सोनौलीच्या रस्त्याने. मतदान कार्ड तिने स्वतः शिवलेल्या कापडी पाकिटात, गळ्यात घातलं होतं. सीमेवर जवानाने विचारायच्या आधीच तिने ते काढून पुढे धरलं.