डीटीएच बंद पडलं? गच्चीचा जिना चढण्याआधी वायर तपासा

‘नो सिग्नल’ची तक्रार आली की पुष्कळ फिटर पहिला पान्हा लावतात तो डिशच्या नटाला. इथेच काम बिघडतं. बरोबर लागलेली डिश ढिली केली की मूळ दोष तसाच राहतो आणि वर सॅटेलाइट शोधायचं काम अंगावर पडतं. डिश सहसा आपल्या जागी गुमान असते. बिघडते ती वायर, आणि वायरीतही बहुतेक वेळा टोकाचं इंचभर, म्हणजे कनेक्टर. म्हणून तपासणी टीव्हीच्या मागून सुरू करायची आणि गच्चीवर संपवायची.

पिशवीत फार सामान लागत नाही: मल्टिमीटर, साधा सॅटफाइंडर (डिशवर सिग्नल येतोय का ते दाखवणारा छोटा मीटर), डिशची आरजी-६ केबल सोलायचा स्ट्रिपर, कनेक्टर दाबून बसवायचं कॉम्प्रेशन टूल, दहाएक एफ-कनेक्टर (केबलच्या टोकाचं आटेदार तोंड), दोन जॉइंटर, ११ मिमीचा पान्हा, स्वतःला चिकटणारी रबर टेप, एक चालू एलएनबी (डिशसमोरच्या दांड्यावरचा, सिग्नल पकडून वायरीत सोडणारा डबा) आणि दोन मीटरची खात्रीची तयार केबल. या शेवटच्या दोन गोष्टी विसरलात तर अर्धा दिवस तर्क लढवण्यात जाईल.

घरात शिरल्यावर आधी विचारा

“काकू, कधीपासून बंद आहे? पाऊस पडल्यावर गेलं का? सगळी चॅनेलं गेली की काही मोजकीच? गच्चीवर एवढ्यात काही काम झालं का?” शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा. पावसाळ्याआधी वॉटरप्रूफिंग करणारे, पत्र्याची शेड घालणारे, टाकी धुणारे, सोलर पॅनेल बसवणारे, यांतल्या कुणीतरी डिश ‘जरा बाजूला’ केलेली असते. तसं काहीच झालं नसेल तर डिशवर संशय घेऊ नका.

आता बॉक्सच्या मेनूत सिग्नलचं पान उघडा. तिथे दोन पट्ट्या दिसतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. ग्राहक स्ट्रेंग्थ बघून खूश असतो, पण ती फक्त एवढंच सांगते की एलएनबी जिवंत आहे आणि वायरीतून काहीतरी खाली येतंय. आकाशातल्या नेमक्या सॅटेलाइटची खूण पटते ती क्वालिटीवरून. काही बॉक्स केबल काढलेली असतानाही थोडी स्ट्रेंग्थ दाखवतात, म्हणून केबल काढून तो आकडा एकदा बघून ठेवा. केबल लावूनही आकडा तेवढाच राहिला, तर दोष बॉक्स, वायर किंवा एलएनबीत. स्ट्रेंग्थ चांगली आणि क्वालिटी शून्य असेल तर डिश हललीय, समोर झाड वाढलंय किंवा सेटिंग चुकलंय. दोन्ही पट्ट्या भरलेल्या असून चॅनेल दिसत नसेल, तर तो रिचार्जचा नाहीतर पॅकेजचा मामला. त्यात वायरीला हात लावायचं कारण नाही.

दूरदर्शनच्या मोफत ‘फ्री डिश’च्या बॉक्समध्ये सेटिंगची चूक फार सापडते. घरातल्या कुणीतरी रिमोटवरून फॅक्टरी रिसेट केलेलं असतं. युनिव्हर्सल एलएनबी (फ्रिक्वेन्सीचे खालचा आणि वरचा असे दोन्ही बँड पकडणारा) असेल तर लोकल फ्रिक्वेन्सी ९७५०/१०६०० हवी, एलएनबी पॉवर ‘ऑन’ हवी आणि सॅटेलाइट जीसॅट-१५, म्हणजे ९३.५ अंश पूर्व. हे तिन्ही बघून पुन्हा स्कॅन करा.

१३ आणि १८ व्होल्टचा खेळ

बॉक्स त्याच केबलमधून एलएनबीला वीज पाठवतो. सॅटेलाइटचे सिग्नल दोन प्रकारे लहरतात, उभे (व्हर्टिकल) आणि आडवे (हॉरिझॉन्टल); यालाच पोलरायझेशन म्हणतात. व्हर्टिकल चॅनेलला सुमारे १३ व्होल्ट, हॉरिझॉन्टलला सुमारे १८. याच व्होल्टेजवरून एलएनबीला कळतं की कुठला संच खाली पाठवायचा. वरच्या बँडसाठी त्यावर २२ किलोहर्ट्झचा टोनही चढतो. म्हणून अर्धी चॅनेलं दिसतात आणि अर्धी नाहीत, अशी तक्रार असेल तर गेलेली चॅनेलं एकाच पोलरायझेशनची आहेत का, ते आधी बघा. असतील तर डिश निर्दोष समजा.

केबल काढून बॉक्सच्या मागच्या तोंडावर मीटर लावा, २० व्होल्ट डीसी रेंजवर. चॅनेल बदलल्यावर १३ चे १८ व्हायला हवेत. प्रोबचं टोक एकाच वेळी मधल्या छिद्राला आणि बाहेरच्या आट्यांना टेकू देऊ नका, शॉर्ट होईल. काहीच व्होल्टेज नसेल तर बॉक्स स्टँडबायवर आहे का बघा. बरेच बॉक्स स्टँडबायमध्ये एलएनबीची वीज तोडतात. ठरावीक चॅनेल लावलं की बॉक्स रिस्टार्ट होत असेल तर अॅडॉप्टर बदलून पाहा. अशक्त झालेला अॅडॉप्टर १८ व्होल्टचा भार पेलत नाही.

आता जिथे बरेच जण फसतात ती गोष्ट. गच्चीवर एलएनबीची केबल काढून मीटर लावला, १८ व्होल्ट पूर्ण दिसले, म्हणजे वायर ठीक? नाही. मीटर जवळपास करंट ओढतच नाही, त्यामुळे गंजलेल्या कनेक्टरातूनही आकडा पूर्ण दिसतो. एलएनबी साधारण १५० मिलिअँपिअर ओढतो, आणि तेव्हा खरं कळतं. वाटेत २० ओहमचा अडथळा असेल तर ३ व्होल्ट तिथेच जातात. १८ चे १५ झाले की एलएनबीला हॉरिझॉन्टल कुठलं आणि व्हर्टिकल कुठलं हेच उमगत नाही.

म्हणून व्होल्टऐवजी ओहम मोजा. केबल दोन्ही टोकांनी मोकळी करा. आधी मधली तार आणि तिच्याभोवतीची धातूची जाळी यांच्यात मीटर लावा. काहीही वाहता कामा नये. वाहत असेल तर कुठेतरी शॉर्ट आहे किंवा आत पाणी आहे. मग एका टोकाला मधली तार आणि कनेक्टरचं कवच चिमट्याने जोडून दुसऱ्या टोकाला मोजा. ३० मीटर शुद्ध तांब्याच्या केबलला दीड-दोन ओहम यायला हवेत. आतून लोखंड आणि वरून तांब्याचा मुलामा असलेल्या स्वस्त केबलला चार-पाच ओहम येतील, तेवढं चालतं. आकडा वीसच्या घरात गेला किंवा केबल हलवली की नाचायला लागला, तर सांधा खराब आहे. मधली तार कोणत्या जातीची ते चुंबकाने कळतं.

कनेक्टर: सगळं घोडं इथेच अडतं

जुना कनेक्टर उघडून आत बघा. हिरवट पूड दिसली तर तांबं सडलंय. केबलमधून सतत डीसी वाहतो, त्यात थोडा ओलावा शिरला की तांबं झपाट्याने खाल्लं जातं. रत्नागिरी, मालवण, अलिबागकडे खाऱ्या वाऱ्यात हे आणखी लवकर होतं. जाळीचं अॅल्युमिनियम चमकदार असायला हवं. ते काळवंडलेलं किंवा पांढऱ्या भुकटीसारखं झालेलं असेल तर १०-१५ सेंमी कापा आणि पुन्हा बघा. चमक दिसेपर्यंत कापत जा. मीटर-दोन मीटर कापूनही आत काळंच असेल तर पाणी आवरणाखालून दूरवर गेलंय. अशी केबल बदला, तिच्यावर टेप गुंडाळण्यात अर्थ नाही.

नवा कनेक्टर बसवताना बाहेरचं आवरण सोला. साधारण ६ मिमी जाळी मागे वळवायची आणि पुढे तेवढीच मधली तार उघडी ठेवायची. जाळीचा एकही केस मधल्या तारेला शिवता कामा नये, कारण ‘एलएनबी शॉर्ट’चा संदेश बहुतेक वेळा त्या एका केसामुळेच येतो. मधल्या तारेवर पांढऱ्या फोमचा पापुद्रा राहिला तर नखाने काढा. ब्लेडने खरवडल्यास मुलामा जातो. कनेक्टर असा दाबा की पांढरा फोम आतल्या तळाशी सपाट येईल आणि मधली तार कनेक्टरच्या कडेबाहेर दोनेक मिमी दिसेल. कमी असेल तर संपर्क तुटक राहतो, जास्त असेल तर सॉकेटची स्प्रिंग पसरते. हाताने घट्ट करून पान्ह्याने जेमतेम पाव फेरा द्या. फिरवून बसवायचे साधे स्क्रू-कनेक्टर गच्चीवर वापरू नका. घरात एकवेळ ठीक.

एलएनबीजवळ केबलला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी टपकेल, कनेक्टरात जाणार नाही. रबर टेप ताणून आणि खालून वर गुंडाळा. नेहमीची काळी इन्सुलेशन टेप एक उन्हाळा संपला की चिकटपणा सोडते आणि मग पाणी आत अडकवून ठेवते. त्यापेक्षा उघडा कनेक्टर बरा.

वाटेतले चोर

शहरातल्या फ्लॅटमध्ये सरकत्या खिडकीची चौकट नीट तपासा. केबल तिथून आत घेतलेली असते आणि रोज खिडकी लावताना काच तिला चेपते. वरून फक्त एक पांढुरकी खूण दिसते, आत फोम चपटा झालेला असतो. खिडकी उघडी असताना चित्र चालू आणि लावली की गायब, असं ग्राहक सांगत असेल तर दोष इथेच आहे. भिंतीला भोक पाडता येत असेल तर बाहेरच्या बाजूला उतार ठेवून पाडा. केबल मूठभर गोलाईपेक्षा घट्ट वळवू नका, आणि खिळ्याच्या क्लिपा हातोडीने चेपून बसवू नका.

दोन टीव्हींसाठी कुणीतरी केबल टीव्हीचा साधा स्प्लिटर लावलेला सापडतो. तो बहुधा १००० मेगाहर्ट्झपर्यंतचाच असतो आणि डिशचा सिग्नल वायरीत ९५० ते २१५० मध्ये धावतो. २१५०चा स्प्लिटर लावला तरी भांडण मिटत नाही: एका बॉक्सने १८ व्होल्ट मागितले की एलएनबी हॉरिझॉन्टलवर जातो आणि दुसऱ्या खोलीतली व्हर्टिकल चॅनेलं बंद पडतात. “हॉलचा टीव्ही लावला की बेडरूमचा बंद पडतो” याचा अर्थ हाच. उपाय म्हणजे दोन तोंडांचा एलएनबी आणि दोन वेगळ्या केबल. इमारतीत अनेक घरं असतील तर मल्टिस्विच, म्हणजे एकाच डिशचा सिग्नल अनेक बॉक्सना वाटणारा डबा.

मोजकी दोन-चार चॅनेलंच फाटत असतील आणि जवळ मोबाइल टॉवर असेल तर केबलच्या जाळीवर संशय घ्या. १८०० मेगाहर्ट्झचा मोबाइल बँड याच पट्ट्यात येतो, आणि विरळ जाळीच्या केबलमधून तो आत शिरतो.

पावसाचं म्हणाल तर जोरदार सरीत चित्र जाणं स्वाभाविक आहे, ढग सरकला की ते परत येतं. पाऊस थांबून दोन-तीन तास झाले तरी चित्र येत नसेल तर कनेक्टरात पाणी. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला, सकाळी अकरा-बाराच्या सुमारास काही मिनिटं सिग्नल जात असेल तर काहीच करू नका. सूर्य सॅटेलाइटच्या मागे येतो, एवढंच.

कनेक्टरला हात लावल्यावर मुंग्या येतात, ही तक्रारही ऐकू येते. दोन पिनांच्या अॅडॉप्टरमधून किंचित गळती होते, तिचा तो परिणाम. पण खरा झटका बसत असेल तर काम थांबवून आधी घरातलं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. कनेक्टर काढण्या-लावण्याआधी बॉक्सचा प्लग भिंतीतून काढायचाच.

आता गच्ची

डिशला हात लावण्याआधी खांबावर आणि ब्रॅकेटवर मार्करने खुणा करा. दोन मीटरची खात्रीची केबल आणि तुमचा एलएनबी लावून सॅटफाइंडरवर बघा. सिग्नल आला तर डिश ठीक आहे. नाही आला तरच नट ढिले करा, तेही एका वेळी एकाच दिशेचे. ६० सेंमीच्या डिशची कड पाऊण सेंटीमीटर सरकली तरी सिग्नल निम्म्यावर येतो, म्हणून अगदी थोडं-थोडं हलवा आणि दर वेळी बॉक्सला क्वालिटी पकडायला चार-पाच सेकंद द्या. मुंबईहून जीसॅट-१५ आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ५७ अंशांवर आहे. डिश मात्र बरीच उभी दिसते, कारण ती ऑफसेट असते, म्हणजे तिचा एलएनबी मध्यासमोर नसून खालच्या बाजूला असतो. बघून फसू नका. मोबाइलमधला कंपास लोखंडी खांबापासून चार पावलं लांब उभं राहून वाचा. एलएनबी मानेत किती वळवायचा ते कळत नसेल तर शेजारच्या गच्चीवरची त्याच कंपनीची चालू डिश बघा. नट आवळताना डिश पुन्हा सरकते, म्हणून शेवटचा नट आवळून झाल्यावरची क्वालिटीच खरी धरा. ढगांचा गडगडाट असेल किंवा स्लॅब ओला असेल तर वर जाऊच नका.

खाली आल्यावर एक चिठ्ठी लिहा: तारीख, स्ट्रेंग्थ, क्वालिटी, केबलचे ओहम. ती बॉक्सच्या पाठीला चिकटवा. पुढच्या वेळी तुम्ही आलात किंवा दुसरा कुणी आला, तरी तुलनेला आकडा हाताशी असेल.