रीफ टँक: फॉस्फेट ‘शून्य’, तरी शेवाळ वाढतंय? या चुका टाळा

रीफ टँक म्हणजे कोरल (प्रवाळ) ठेवलेली खाऱ्या पाण्याची टाकी. फॉस्फेटच्या टेस्ट किटमध्ये तिच्या पाण्याला जराही निळी छटा येत नाही, आणि दगडांवर हिरवं केसाळ शेवाळ मात्र पसरतच जातं. मग किट खराब समजून दुसरं आणलं जातं. किट बहुधा ठीक असतं. घरगुती किट फक्त असेंद्रिय ऑर्थोफॉस्फेट, म्हणजे पाण्यात मोकळं असलेलं फॉस्फेट मोजतं. उरलेलं खाणं, विष्ठा, मेलेले जीवाणू यांतून आलेल्या सेंद्रिय रेणूंत अडकलेला फॉस्फरस त्याला दिसत नाही. जिवाणूंनी तो मोकळा केला की शेवाळ लगेच उचलतं, त्यामुळे पाण्यात मोजण्यापुरतं काही उरतच नाही.

खात्री हवी असेल तर आयसीपी चाचणी (प्रयोगशाळेत होणारी मूलद्रव्यांची तपासणी) करून घ्या, ती एकूण फॉस्फरस दाखवते. त्या आकड्याला ३.०७ ने गुणलं की फॉस्फेट मिळतं. ते किटच्या आकड्यापेक्षा बरंच जास्त आलं, तर पाण्यात सेंद्रिय भार आहे. काही डिजिटल मीटरही फॉस्फरसच पीपीबीमध्ये (अब्जात किती भाग; पीपीएम म्हणजे दशलक्षात किती भाग) दाखवतात: १० पीपीबी म्हणजे साधारण ०.०३ पीपीएम फॉस्फेट.

या भारावर जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोह-ऑक्साइडचे दाणे) ओतणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक. जीएफओ मुख्यतः असेंद्रिय फॉस्फेट पकडतं. भरपूर घातलं तर फॉस्फेट एकदम कोसळतं, कोरल फिके पडतात आणि नायट्रेटही शून्यावर असेल तर डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्मजीवांचे तपकिरी, बुडबुडे धरणारे चिकट धागे येतात. पाकिटावरच्या मात्रेच्या पाव भागापासून सुरुवात करा. दोन दिवसांनी आकडा पुन्हा वर गेला तर घाबरू नका, दगड आणि वाळूत साठलेलं फॉस्फेट पाण्यात परत येतंय. फॉस्फेट ०.०३ ते ०.१ आणि नायट्रेट २ ते १० पीपीएम असू द्या.

सेंद्रिय भागासाठी स्किमर (बुडबुड्यांच्या फेसातून घाण काढणारं यंत्र) हवाच, पण तो बुडबुड्यांना चिकटणारेच रेणू काढतो. पाणी पिवळसर दिसत असेल तर धुतलेला अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन १०० लिटरला सुमारे ५० ग्रॅम ठेवा आणि महिन्याने बदला.

नायट्रेट-फॉस्फेट उचलणारे जीवाणू वाढावेत म्हणून टाकीत व्हिनेगर देतात, पण ते देताना घाई नको. रंग नसलेलं, साधं व्हिनेगर १०० लिटरला रोज १ मिलीपासून सुरू करा आणि आठवड्याला थोडंथोडंच वाढवा. पाणी दुधाळ झालं तर मात्रा त्याच दिवशी बंद करून हवा वाढवा. जीवाणू ऑक्सिजन खातात आणि रात्री मासे गुदमरतात. नायट्रेट शून्य असताना व्हिनेगर देऊच नका.

कोरलसाठी कॅल्शियम वाढवणारं कॅल्शियम क्लोराइड आणि अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलण्याची क्षमता) वाढवणारा खाण्याचा सोडा एकाच वेळी, एकाच जागी घालू नका. दोन्ही मिळून पांढरा चुरा होऊन खाली बसतात. १०० लिटरमध्ये अल्कलिनिटी १ डीकेएच (तिचं एकक) वाढवायला ३ ग्रॅम सोडा पुरतो. दिवसाला याहून जास्त वाढ नको. कॅल्शियम आणि अल्कलिनिटीचे आकडे टिकतच नसतील तर आधी मॅग्नेशियम पाहा, ते १२५० ते १३५० पीपीएम हवं.

काचेवर तपकिरी डायटम (सिलिकेटवर वाढणारं सूक्ष्म शेवाळ) परत परत येत असतील तर टाकीसाठी पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ-डीआय फिल्टरचं रेझिन (क्षार धरणारे दाणे) तपासा. पाण्यातले क्षार विजेवरून मोजणारं टीडीएस मीटर शून्य दाखवत असतानाही सिलिकेट निसटू शकतं, कारण ते वीज जवळजवळ वाहून नेत नाही. डीआयमधून निघणाऱ्या पाण्याची सिलिकेट किटने चाचणी करा. त्यात रंग आला तर रेझिन बदला.