अमोनिया शेतात कसा गेला अन् तोफेत कसा, हे मुलांना नीट कसं सांगायचं

हा विषय शिकवताना बरेच जण थेट फ्रिट्झ हाबरपासून, म्हणजे हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया (नायट्रोजन-हायड्रोजनचा संयुग वायू) बनवणाऱ्या जर्मन शास्त्रज्ञापासून, सुरू करतात, मग तो माणूस चांगला की वाईट यावरच तास संपतो आणि केमिस्ट्री राहूनच जाते. आधी नायट्रोजन घ्या. हवेत ७८ टक्के तोच, पण पिकाला तो तसाच घेता येत नाही कारण त्याचे दोन अणू तिहेरी बंधाने एकमेकांना घट्ट धरून बसलेले असतात. मुलांना दोन्ही हातांची तीन-तीन बोटं एकमेकांत अडकवून जोरात ओढायला सांगा, किती ताकद लागते ते हातालाच कळू दे.

मग १९०९ वर या. जर्मनीत कार्ल्सरूहला हाबर आणि रॉबर्ट ल रोसिन्योल यांनी नायट्रोजन-हायड्रोजन प्रचंड दाबाखाली तापवून उत्प्रेरकावरून (अभिक्रिया वेगाने घडवणाऱ्या पदार्थावरून) फिरवले आणि अमोनिया थेंब थेंब पडायला लागला. कारखान्याच्या मापात ते आणलं जर्मन रसायनतज्ज्ञ कार्ल बॉशने, १९१३ ला जर्मनीतल्या ओपाऊचा कारखाना खतासाठी सुरू झाला.

आता फळ्यावर अमोनिया लिहून दोन बाण काढा. एक सरळ खताकडे. दुसरा नायट्रिक आम्लाकडे, आणि त्या आम्लापासून नायट्रेट खतही होतं आणि दारूगोळाही. १९१४ ला पहिलं महायुद्ध पेटलं, ब्रिटिश आरमाराने समुद्र अडवला, चिलीहून येणारा सोरा (खाणीतून निघणारं नायट्रेट) बंद झाला, जर्मनीची शेती आणि दारूगोळा दोन्ही त्याच्यावरच होते, मग हा दुसरा बाण युद्धाकडे वळवला गेला.

पण स्फोट का होतो हे सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नका, खरी गंमत इथेच आहे. स्फोटकातले नायट्रोजन अणू एकमेकांशी नाही तर ऑक्सिजनसारख्या दुसऱ्या अणूंशी जोडलेले असतात, संधी मिळाली की परत जोडी जमवतात, तोच तिहेरी बंध पुन्हा तयार होतो आणि ऊर्जा एका क्षणात बाहेर पडते. म्हणजे जो बंध तोडायला एवढा आटापिटा केला तोच परत जुळताना धडाका करतो. इथे पुन्हा बोटं अडकवायला लावा. आणि हे फक्त युद्धातच होतं असं नाही हेही सांगा, २१ सप्टेंबर १९२१ ला ओपाऊलाच घट्ट झालेला खताचा ढीग फोडताना त्याचा स्फोट झाला आणि ५०० हून जास्त माणसं गेली.

एक चूक मात्र टाळा. २२ एप्रिल १९१५ ला बेल्जियममधल्या ईप्रच्या रणांगणावर सोडलेला क्लोरीन वायू ही हाबरचीच कामगिरी, पण तो अमोनियाच्या शोधातून आलेला नाही, दोन्ही एकत्र केलं की पोरं कायमची गोंधळतात, म्हणून तो वेगळ्या दिवशी घ्या.

'मग हा शोध लागलाच नसता तर बरं झालं असतं का' हे कोणीतरी विचारणारच. घाईने उत्तर देऊ नका. आज माणसाच्या शरीरातला साधारण निम्मा नायट्रोजन याच प्रक्रियेतून खत, पीक, जेवण असा आलेला आहे एवढं सांगा आणि मग त्यांनाच बोलू द्या.