क्राइम अँड डेव्हिअन्सची रिव्हिजन: थिअऱ्या पाठ करू नका, एकमेकींशी भांडायला लावा

गुन्हा आणि विचलन (म्हणजे समाजाचे नियम मोडणारं वागणं) हा सोशिऑलॉजीतला टॉपिक बहुतेकांना आवडतो, आणि आवडतो म्हणूनच त्यात मार्क जातात. वाचताना सगळं कळल्यासारखं वाटतं, मग हायलायटरने पानंच्या पानं पिवळी होतात आणि पेपरात डरखाईम, मर्टन, बेकर, हर्शी अशी हजेरी घेतल्यासारखी नावं उतरवून माणूस बाहेर येतो. तपासणाऱ्याला ती हजेरी नको असते. ह्या मंडळींचं आपसात नेमकं कशावरून वाजलंय हे तुम्हाला कळलंय की नाही, ते तो बघत असतो.

त्यामुळे नोट्स बाजूला ठेवा, एक कोरा कागद घ्या आणि मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे लिहा, "माणूस गुन्हा का करतो?" उजवीकडे लिहा, "ह्याला गुन्हा कोणी ठरवलं, आणि पकडला गेला तो हाच का?" आता सिलॅबसमधलं एकेक नाव घेऊन कुठल्यातरी बाजूला टाका. मर्टन, अल्बर्ट कोहेन, क्लोवर्ड आणि ओहलिन, राइट रिअॅलिस्ट (राजकीयदृष्ट्या उजव्या विचारांचे) हे डावीकडे. बेकर, लेमर्ट, सिकोरेल हे लेबलिंगवाले, म्हणजे शिक्का कोण कोणावर मारतं ते बघणारे, उजवीकडे. मार्क्सवाद्यांचा एक पाय इकडे आणि एक तिकडे, कारण भांडवलशाही लोकांना गुन्ह्याकडे ढकलते असंही ते म्हणतात आणि कायदा कोणाच्या सोयीने लिहिला जातो हेही विचारतात. टेलर, वॉल्टन आणि यंग यांनी १९७३ मध्ये दोन्ही प्रश्न एकाच थिअरीत बसवायचा प्रयत्न केला, त्यांना बिनधास्त रेघेवर बसवा. हर्शी डावीकडेच येतो पण उलटा, तो विचारतो की बहुतेक लोक गुन्हा का करत नाहीत, आणि उत्तर म्हणून चार बंध सांगतो: जिव्हाळा, बांधिलकी, गुंतलेपण आणि नियमांवरचा विश्वास.

ही रेघ एवढी महत्त्वाची का, तर आकडेवारीमुळे. डावीकडचे बरेचसे लोक पोलिसांचे आकडे ढोबळमानाने खरे धरून चालतात, म्हणजे गरीब वस्तीत गुन्हे जास्त नोंदले गेले ना, मग तिथे गुन्हे जास्त होतात, चला आता कारण शोधू. उजवीकडचे म्हणतात थांबा, हा आकडा तयार कसा झाला ते आधी बघू: तक्रार कोणी केली, पोलिसांनी ती नोंदवली का, कोणाला ताकीद देऊन सोडलं आणि कोणाला आत घेतलं. न नोंदलेले गुन्हे मोजायला मग व्हिक्टिम सर्व्हे (तुमच्याबाबत गुन्हा घडला का, असं लोकांनाच विचारणं) आणि सेल्फ रिपोर्ट स्टडीज (तुम्ही स्वतः काय केलंय ते विचारणं) आले, पण त्यांचेही घोळ आहेतच. खून झालेल्याला सर्व्हेत प्रश्न विचारता येत नाही, आणि एखाद्या कंपनीने फसवलेल्या कित्येकांना आपण फसलोय हेच माहीत नसतं. एवढा मुद्दा डोक्यात पक्का बसला की जवळजवळ कुठल्याही निबंधात इव्हॅल्युएशन म्हणून वापरता येतो.

डरखाईमपासूनची साखळी सलग शिका, सुटी सुटी नको. डरखाईम म्हणतो गुन्हा नसलेला समाज अशक्य, अगदी सगळे संत एकत्र राहायला आले तरी तिथे बारीकसारीक चुकाच मोठे अपराध ठरतील, शिवाय गुन्हेगाराला शिक्षा होते तेव्हा बाकीच्यांना आपली हद्द कुठे आहे ते पुन्हा कळतं. ह्यावर विचारायचं की फायदा होतो म्हणता, तो कोणाचा? ज्याच्यावर हल्ला झाला त्याचा तर नक्कीच नाही. मर्टनने १९३८ मध्ये ॲनॉमीची, म्हणजे समाजाचे नियम सैल पडण्याची, कल्पना अमेरिकन समाजाला लावली: पैसा आणि यश हे ध्येय सगळ्यांसमोर ठेवलं, तिथे पोचायचे सरळ मार्ग मात्र सगळ्यांना मिळाले नाहीत, मग लोक पाच तऱ्हांनी वागतात. ह्या पाच तऱ्हांची नावं घोकत बसू नका, "ध्येय" आणि "मार्ग" असे दोन कॉलम करून हो-नाही लिहा. दोन्ही हो तो सरळमार्गी, ध्येय हो पण मार्ग नाही तो शॉर्टकट शोधणारा, ध्येय सोडलं पण मार्ग धरून बसला तो नुसता पाट्या टाकणारा, दोन्ही नाही तो सगळ्यातून अंग काढून घेणारा, आणि दोन्ही नाकारून त्याजागी नवंच काही मांडतो तो बंडखोर.

आता पैशासाठी केलेली चोरी ह्यात छान बसते, पण रिकाम्या बिल्डिंगच्या काचा उगाच फोडणाऱ्या पोरांना काय मिळतं? इथे १९५५ मध्ये अल्बर्ट कोहेन येतो आणि म्हणतो प्रश्न पैशाचा नाहीच, इज्जतीचा आहे, शाळेत जी मिळत नाही ती ही पोरं शाळेचे नियम उलटे करून आपल्या टोळीत मिळवतात. मग १९६० मध्ये क्लोवर्ड आणि ओहलिन म्हणतात ठीक आहे, पण गुन्ह्याचे मार्ग तरी सगळ्यांना सारखे कुठे उघडे असतात? जिथे मुरलेले गुन्हेगार आहेत तिथे पोरांना शिकवणारं कोणी असतं, जिथे नाहीत तिथे नुसत्या टोळ्यांच्या मारामाऱ्या, आणि दोन्हीकडे जे फेल जातात ते नशेकडे वळतात. बघा, टीका वेगळी लिहावीच लागली नाही, पुढचा माणूसच मागच्याला खोडत आला.

लेबलिंगवर मात्र वेळ घाला, कारण तिथली वाक्यं सोपी आणि विचार अवघड आहे. १९६३ मध्ये बेकर म्हणतो ते "पोलीस पक्षपाती असतात" एवढंच नाहीये, त्याचं म्हणणं असं की विचलन हा कृत्यातला गुण नाहीच, इतरांनी त्यावर मारलेला शिक्का आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये आत्महत्येचा प्रयत्न १९६१ पर्यंत गुन्हा होता, नंतर राहिला नाही, म्हणजे कृत्य तेच आणि कायदा वेगळा. लेमर्ट पुढे सांगतो की पहिलं किरकोळ वागणं वेगळं आणि शिक्का बसल्यावर "मी आहेच तसा" म्हणून जे सुरू होतं ते वेगळं, आणि खरी काळजी ह्या दुसऱ्याची. टीकाही लक्षात ठेवा: शिक्का बसायच्या आधीचं पहिलं वागणं आलं कुठून हे ही थिअरी नीट सांगत नाही, आणि शिक्का बसलेला प्रत्येकजण तसाच बनतो असंही नाही.

एकच स्टडी तपशिलात पाठ करायचा असेल तर मी चॅम्ब्लिसचा १९७३ चा घ्यायला सांगेन. अमेरिकेतली एक हायस्कूल, मुलांचे दोन ग्रुप. आठ जण चांगल्या घरचे, त्यांना त्याने नाव दिलं सेंट्स, आणि सहा जण खालच्या वर्गातले, ते रफनेक्स. सेंट्स सर्रास शाळा बुडवायचे, दारू प्यायचे, बेफाम गाडी चालवायचे, तोडफोड करायचे, पण त्यांच्याकडे गाड्या होत्या त्यामुळे हे सगळं गावाबाहेर चालायचं, आणि पोलिसांनी हटकलंच तर एकदम नम्र, चूक झाली सर. दोन वर्षांत त्यातल्या एकालाही अटक नाही. रफनेक्स सगळ्यांच्या डोळ्यांसमोर कोपऱ्यावर उभे असायचे, कपडे साधे, पोलिसांशी बोलताना अकड, आणि सतत पोलिसांच्या तावडीत. ते चोऱ्या आणि मारामाऱ्या जास्त करायचे हे खरं, पण एकूण उद्योग मोजले तर दोन्ही ग्रुप साधारण सारखेच होते. हा एक स्टडी लेबलिंगमध्ये चालतो, वर्ग आणि कायदा ह्यात चालतो, आकडेवारीवरच्या प्रश्नात चालतो, पोलिसिंगमध्ये चालतो. कमजोरी पण लगेच सांगता येते, चौदा मुलं आणि एकच शाळा, ह्यावरून सगळ्या समाजाबद्दल किती बोलणार?

मध्येच एक सावधान: ह्या टॉपिकमध्ये कोहेन तीन आहेत. अल्बर्ट कोहेन १९५५, इज्जत आणि टोळ्या. स्टॅन्ली कोहेन १९७२, मॉरल पॅनिक, म्हणजे १९६४ च्या ईस्टरला क्लॅक्टनच्या समुद्रकिनाऱ्यावर मॉड्स आणि रॉकर्स ह्या तरुणांच्या दोन गटांची झालेली किरकोळ धुमश्चक्री पेपरवाल्यांनी कशी फुगवली ते. लॉरेन्स कोहेन १९७९, फेल्सनबरोबर, गुन्हा घडायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: करणारा, सोपं टार्गेट आणि राखणदाराचा अभाव. पेपरात नुसतं "कोहेन म्हणतो" लिहिलंत तर कुठला ते कसं कळणार, पहिलं नाव लिहाच.

पांढरपेशी गुन्हेगारी, म्हणजे प्रतिष्ठित लोकांनी आपल्या कामधंद्याच्या आडून केलेले गुन्हे, हा भाग छोटा आहे पण मार्क देऊन जातो. सदरलंडने १९३९ मध्ये ही कल्पना मांडली आणि १९४९ मध्ये अमेरिकेतल्या ७० बड्या कंपन्यांवर पुस्तक काढलं, त्यात कंपन्यांची नावं मात्र गाळावी लागली, नावांसकट ते छापलं गेलं १९८३ मध्ये. सदरलंड मार्क्सवादी नव्हता, तरी ताकदवानांचे गुन्हे कसे झाकले जातात ह्यावर मार्क्सवादी उत्तरात ह्याच्याइतकं चपखल उदाहरण सापडणं कठीण.

रिअॅलिझम दोन वाक्यांत: राइटवाले (विल्सन आणि केलिंग, १९८२) म्हणतात फुटकी खिडकी तशीच ठेवली की त्या भागाला कोणी वाली नाही असा निरोप जातो, म्हणून छोट्या बेशिस्तीवरच लक्ष द्या. लेफ्टवाले ली आणि यंग १९८४ मध्ये म्हणतात गुन्ह्याची झळ गरिबांनाच सगळ्यात जास्त बसते त्यामुळे तो खराच प्रश्न आहे, पण मूळ शोधा सापेक्ष वंचिततेत (इतरांच्या तुलनेत आपल्याला कमी मिळतंय ही भावना), परिघावर ढकललं जाण्यात आणि उपसंस्कृतीत.

जेंडर लोक शेवटच्या रात्रीवर टाकतात आणि नेमका तोच प्रश्न येतो. पोलॅकने १९५० मध्ये म्हटलं की बायकांचे गुन्हे लपून राहतात, कारण पुरुष पोलीस आणि न्यायाधीश त्यांच्याशी नरमाईने वागतात. हायडनसोनने १९८५ मध्ये वेगळंच दाखवलं, घरात, रस्त्यावर, कामावर बायकांवर इतकं नियंत्रण असतं की गुन्ह्याची संधीच कमी मिळते. हर्शीच्या बंधांशेजारी हायडनसोन ठेवून बघा, त्याला जे आपुलकीचं वाटतं ते हिला पहारा वाटतं, आणि ही तुलना फार कमी जण लिहितात.

आता सराव. पुन्हा पुन्हा वाचल्याने येतंय असं वाटतं फक्त. रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ मध्ये दाखवलं की पाच मिनिटांनी टेस्ट घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे असतात, आठवड्याने घेतली तर मात्र आठवून लिहिणारे. म्हणून एक काल्पनिक केस घ्या, समजा पंधरा वर्षांचा मुलगा दुकानातून हेडफोन चोरताना पकडला गेला. पुस्तक मिटून प्रत्येक थिअरीच्या नावाने दोनच ओळी लिहा: ती ह्या मुलाकडे बघेल, दुकानाकडे बघेल, पोलिसाकडे बघेल की कायद्याकडे? जिथे अडलात तेवढंच पुस्तकात बघा. दुसऱ्या दिवशी केस बदला, एका कंपनीने नदीत केमिकल सोडलं असं घ्या, म्हणजे कुठल्या थिअऱ्यांना ह्यावर बोलायलाच जमत नाही ते आपोआप दिसतं, आणि ते दिसलं की ती टीका तुमची स्वतःची झाली.

निबंध लिहिताना परिच्छेदाची सुरुवात नावाने न करता मुद्द्याने करा, नाव नंतर येऊ दे. प्रश्नाबरोबर उतारा दिला असेल तर त्यातला एखादा शब्द उचलून उत्तरात वापरा, नुसतं "उताऱ्यात म्हटल्याप्रमाणे" लिहून पुढे पळू नका. आणि शेवटी "सर्व सिद्धांतांना फायदे आणि मर्यादा आहेत" हे वाक्य कृपया लिहू नका, त्याला काहीच अर्थ नाही. त्याऐवजी बाजू घ्या, म्हणजे साधारण असं: पैशासाठीच्या गुन्ह्यांपुरता मर्टन पटतो, पण कोण पकडलं जातं हा प्रश्न आला की तो गप्प होतो आणि तिथे चॅम्ब्लिसचा पुरावा जास्त वजनदार ठरतो.