फुटबॉल स्पर्धेच्या यजमानपदासाठी बोली लावावी का? सहीआधी करायचा हिशेब

आधी एक तक्ता आखा. रकाने पाच: शहर, स्टेडियम, प्रत्यक्ष आसनक्षमता, स्पर्धेसाठी लागणारं काम, आणि स्पर्धा संपल्यावर तिथे दरवर्षी कोण किती सामने खेळणार. पाचवा रकाना सगळ्यात आधी भरा. तो रिकामा राहत असेल तर ते स्टेडियम यादीतून काढून टाका, मग तिथल्या मंत्र्यांचा कितीही आग्रह असो.

यादी किती लांब हवी, हे स्पर्धेवर ठरतं. पुरुषांच्या विश्वचषकात आता ४८ संघ आणि १०४ सामने आहेत. २०३४ च्या बोलीसाठी फिफाने १४ स्टेडियम मागितली होती: किमान ४० हजार आसनं, उपांत्य फेरीसाठी ६० हजार, उद्घाटन आणि अंतिम सामन्यासाठी ८० हजार. आशिया चषकात २४ संघ आणि ५१ सामने असतात. भारताने २०१७ मध्ये १७ वर्षांखालील मुलांचा विश्वचषक सहा शहरांत भरवला, सामने ५२. २०२२ मध्ये त्याच वयोगटातल्या मुलींची स्पर्धा भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबई एवढ्या तीनच शहरांत ३२ सामन्यांत उरकली.

आसनक्षमतेचा आकडा फलकावरून उचलू नका. कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमची ख्याती लाखाहून अधिक प्रेक्षकांची. २०१७ साठी सलग बाकड्यांच्या जागी स्वतंत्र खुर्च्या आल्या, आणि अंतिम सामन्याला गर्दी नोंदली गेली ६६,६८४. माणशी खुर्ची, मोकळ्या वाटा, आणीबाणीत ठरलेल्या मिनिटांत मैदान रिकामं होणं या अटी लावल्या की जुन्या स्टेडियमचे आकडे असे खाली येतात. म्हणून अग्निशमन आणि स्थापत्य तपासणी बोलीआधी करून घ्या.

भारतात दुसरा घोळ क्रिकेटचा. आपली मोठी स्टेडियम बहुतेक क्रिकेटची आहेत. १०५ बाय ६८ मीटरचं फुटबॉल मैदान त्यात बसतं, पण मधोमध क्रिकेटच्या खेळपट्ट्यांची घट्ट दाबलेली चिकणमाती असते. तिथे चेंडू वेगळा उसळतो आणि पाणी झिरपत नाही. तो पट्टा खणून वाळूमिश्रित थर आणि हिरवळ घालावी लागते, हिरवळ मुळं धरेपर्यंत थांबावं लागतं आणि स्पर्धेनंतर खेळपट्ट्या पुन्हा बांधाव्या लागतात. मार्च ते मे आयपीएल, जून ते सप्टेंबर पाऊस. म्हणजे हाताशी राहतात ऑक्टोबर ते फेब्रुवारी, आणि त्यातही क्रिकेटचा देशांतर्गत हंगाम असतो. क्रिकेट संघटनेकडून मैदान रिकामं मिळण्याच्या तारखा लेखी घ्या.

निचऱ्यावर कंजुषी करू नका. २०१७ मध्ये इंग्लंड-ब्राझील उपांत्य सामना गुवाहाटीत होता. पावसाने मैदानाची दशा अशी झाली की दोन दिवस आधी तो कोलकात्याला हलवावा लागला. चांगल्या मैदानात वरचा वाळूप्रधान थर साधारण ३० सेंटिमीटर, त्याखाली खडीचा थर आणि त्यात पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या असतात. वरवर हिरवळ पसरून हे साधत नाही. सरावाची मैदानंही याच दर्जाची लागतात. बोलीच्या अंदाजपत्रकात बहुतेकदा तीच विसरली जातात.

आता पुन्हा पाचव्या रकान्याकडे. ब्राझीलला २०१४ मध्ये आठ स्टेडियम पुरली असती, त्यांनी बारा केली. मानाउसला चार सामने झाले, पण शहरात अव्वल श्रेणीचा क्लब नव्हता. राजधानीतलं स्टेडियम सगळ्यात महाग पडलं, आणि काही महिन्यांत त्याच्या आवारात बस उभ्या राहू लागल्या. पोर्तुगालने २००४ च्या युरोसाठी (युरोपीय देशांच्या स्पर्धेसाठी) लैरिया आणि अवैरोला बांधलेली स्टेडियम त्या शहरांच्या गरजेपेक्षा फार मोठी निघाली. आपल्याकडचं गणित मांडा: २०२४-२५ मध्ये तेरा संघांच्या इंडियन सुपर लीगमध्ये एका क्लबचे घरचे सामने बारा होते. वर्षातले उरलेले साडेतीनशे दिवस वीज, पाणी, सुरक्षारक्षक आणि माळी यांचा खर्च कुणाच्या खात्यावर? उत्तर ‘महापालिका’ असेल तर महापालिकेचा ठराव मागा.

पैशाच्या बाजूला सरळ दोन स्तंभ करा. विश्वचषकात प्रक्षेपण, प्रायोजकत्व आणि आता तिकिटांचाही पैसा फिफाकडे जातो. यजमानाकडे राहतात स्टेडियम, रस्ते, पोलीस. पर्यटकांचा अंदाज निम्मा धरूनही हिशेब बसतो का, ते पाहा. दक्षिण आफ्रिकेने २०१० ला चार लाखांहून अधिक परदेशी पाहुणे धरले होते, आले सुमारे तीन लाख नऊ हजार.

बोलीसोबत सरकारने द्यायची हमीपत्रं वकिलांकडून वाचून घ्या, कारण त्यांत करमाफी, व्हिसा, सीमाशुल्क आणि जाहिरातींचे हक्क असं सगळं असतं. ब्राझीलमध्ये स्टेडियममध्ये दारूबंदी होती. विश्वचषकासाठी २०१२ मध्ये खास कायदा करून बिअर विक्री मोकळी करावी लागली. भारतात पोलीस, क्रीडा आणि मद्य हे राज्यांचे विषय, तर सीमाशुल्क आणि व्हिसा केंद्राचे. दिल्लीची सही पुरत नाही. अहमदाबादेत सामने ठेवायचे असतील तर गुजरातच्या दारूबंदीचं काय करणार, याचं उत्तर बोलीआधीच हवं.

महासंघाची प्रकृतीही तपासा. ऑगस्ट २०२२ मध्ये बाह्य हस्तक्षेपाचं कारण देत फिफाने भारतीय महासंघाला निलंबित केलं, तेव्हा मुलींचा विश्वचषक दोन महिन्यांवर होता. निलंबन अकरा दिवसांत उठलं म्हणून स्पर्धा वाचली. २०२५ च्या अखेरीस लीगच्या व्यावसायिक हक्कांच्या निविदेला एकही बोली आली नाही. घरची लीग विकली जात नसेल, तर पाचवा रकाना प्रामाणिकपणे भरताच येत नाही.

म्हणून आमचं मत असं: मुलींच्या आणि युवा स्पर्धांसाठी बोली जरूर लावा. मडगावचं फातोर्डा स्टेडियम, नवी मुंबई, भुवनेश्वर तयार आहेत आणि तिथे खेळणारेही आहेत. आशिया चषकाचा विचार लीग सलग काही हंगाम वेळेवर पार पडल्यावर करा. पुरुषांचा विश्वचषक एकट्याने नकोच.

आणि माघारीची तारीख पहिल्याच दिवशी ठरवा. २०२७ च्या आशिया चषकाच्या शर्यतीतून भारत डिसेंबर २०२२ मध्ये, यजमान ठरण्याआधी बाहेर पडला, त्यामुळे नुकसान थोडं झालं. कोलंबियाला १९८६ चा विश्वचषक मिळाला होता, त्यांनी तो १९८२ मध्ये परत केला आणि मेक्सिकोने भरवला. चीनने २०२३ चा आशिया चषक २०२२ मध्ये सोडला, तोवर स्टेडियमवर पैसा ओतून झाला होता. निवडीच्या मतदानाआधी साधारण सहा महिन्यांवर एक दिवस धरा. त्या दिवशी राज्यांची हमीपत्रं, क्रिकेट संघटनेच्या तारखा किंवा महापालिकांचे ठराव यांपैकी एक जरी कागद फाइलमध्ये नसेल, तर माघारीचं पत्र त्याच दिवशी पाठवा.